साउंडच्या नाक्यावरील राजधानी

जगांतील पुष्कळ राजधान्यांचीं नांवें देवतांवरून, राजांवरून किंवा नद्यांवरून पडलेलीं आहेत. डेन्मार्कच्या राजधानीचें नांव मात्र तिच्या धंद्यावरून पडलें. आपल्याकडे तिला कोपनहेगन म्हणतात. तिच्या मूळ डॅनिश नांवाचा अर्थ 'व्यापाऱ्यांचें बंदर' असा आहे, आणि त्याच्याही पूर्वीं तिचें नांव नुसतें 'बंदर' एवढेंच होतें. ज्या नगराच्या नांवांत राजाही नाहीं आणि देवही नाहीं, त्याचा इतिहास बंदराचा आणि बाजाराचाच असावा, अशी अपेक्षा कोणीही करील. ती बहुतांशीं खरी आहे. परंतु या इतिहासांत एक प्रश्न आरंभापासून शेवटपर्यंत गुंतलेला आढळतो. नगर मोठें होतें तें त्याच्या जागेमुळें, कीं त्यांत राहणाऱ्या माणसांमुळें? कोपनहेगननें या प्रश्नाचें पहिलें उत्तर चार शतकें जगून पाहिलें. आणि तें हातचें गेल्यावर त्याला दुसरें शोधावें लागलें.

प्रथम त्याची जागा पाहिली पाहिजे. युरोपच्या उत्तरेस बाल्टिक समुद्र आहे. त्याच्या भोंवतीं रशिया, पोलंड, फिनलंड, स्वीडन इत्यादि देश पसरलेले आहेत. या समुद्रांतून बाहेरच्या महासागराकडे जाणाऱ्या मोठ्या गलबतांना पूर्वीं डेन्मार्कच्या बेटांमधील अरुंद वाटांनींच जावें लागे. त्यांतील सर्वांत सोयीची वाट म्हणजे साउंडची सामुद्रधुनी. पश्चिमेस झीलंड बेट, पूर्वेस आज स्वीडनमध्यें मोडणारा स्कोने प्रांत, आणि एल्सिनोर गांवापाशीं या दोन किनाऱ्यांमधील अंतर अवघें अडीच मैल. तेथून सुमारें २५ मैल दक्षिणेस, झीलंड आणि आमागेर या दोन बेटांच्या मधल्या निवाऱ्याच्या पाण्यावर कोपनहेगन वसलेलें आहे. बाल्टिकच्या कांठचें धान्य, डोलकाठ्यांचें लांकूड, जहाजाच्या सांध्यांत भरावयाचें डांबर, दोरखंडाचा वाख, हें सर्व या दारांतून पश्चिमेस जाई. या मालावांचून हॉलंड व इंग्लंड यांचीं आरमारें तरंगतीं ना. अशा दारावर ज्याची सत्ता, त्याच्या घरीं लक्ष्मी चालत येणार हें उघड होतें. आणि तिच्या मागोमाग शत्रूही येणार, हेंही तितकेंच उघड होतें.

बाराव्या शतकांत येथें कोळ्यांची व लहानसहान व्यापाऱ्यांची वस्ती होती. अलीकडील उत्खननांवरून ती त्याच्याही शतकभर आधींची ठरते. राजा पहिला वाल्देमार यानें हें गांव रोस्किल्डचा बिशप आब्सालोन यास दिलें. आब्सालोन हा धर्माधिकारी खरा, परंतु तो तितकाच लढवय्याही होता. किनाऱ्यालगतच्या एका लहान बेटावर त्यानें ११६७ सालीं किल्ला बांधिला. त्या किल्ल्याचे अवशेष आज डॅनिश पार्लमेंटच्या इमारतीखालीं तळघरांत पाहावयास मिळतात. याच आब्सालोनच्या पदरीं साक्सो नांवाचा एक विद्वान् लेखनिक होता. त्यानें लॅटिन भाषेंत डेन लोकांचा इतिहास लिहिला आणि त्यांत आम्लेथ नांवाच्या राजपुत्राची कथा सांगितली. तीच कथा कालांतरानें शेक्सपिअरच्या हातीं 'हॅम्लेट' झाली, तिचें स्थळ एल्सिनोर ठरलें, आणि १८८३ सालीं ती गोपाळ गणेश आगरकरांच्या लेखणीनें 'विकारविलसित' या नांवानें मराठींत अवतरली.

या नव्या बंदराचा मत्सर प्रथम वाटला तो जर्मन व्यापारी नगरांच्या संघास. लुबेक व तिच्या सोबतिणींनीं १३६८ सालीं कोपनहेगन घेतलें आणि पुढच्याच वर्षीं आब्सालोनचा किल्ला दगड न् दगड उतरविला. किल्ला गेला तरी जागा गेली नाहीं. तेथें दुसरा किल्ला झाला, राजानें तें नगर धर्मसंस्थेच्या हातून आपल्याकडे घेतलें, आणि १४४३ सालीं तें राज्याची राजधानी झालें. १४७९ मध्यें तेथें विद्यापीठही निघालें.

याच सुमारास डेन्मार्कच्या राजांना आपल्या दाराची खरी किंमत कळून आली होती. १४२९ च्या सुमारास राजा एरिक यानें एल्सिनोरपाशीं ये-जा करणाऱ्या परक्या गलबतांवर जकात बसविली. प्रत्येक गलबतानें किल्ल्यासमोर नांगर टाकावा, कप्तानानें किनाऱ्यावर जाऊन ठरलेली रक्कम भरावी आणि मग पुढें जावें, असा शिरस्ता पडला. आरंभीं ही जकात दर गलबतामागें असे. १५६७ पासून ती मालाच्या किंमतीवर बसूं लागली. मालाची किंमत सांगावयाची ती कप्तानानें. ती कमी सांगण्याचा मोह कोणास होणार नाहीं? परंतु सांगितलेल्या किंमतीस तो माल विकत घेण्याचा हक्क राजानें स्वतःकडे राखून ठेविला होता. किंमत कमी सांगावी तर मालच त्या भावानें जाण्याची भीति, जास्त सांगावी तर जकात जास्त. तेव्हां खरें बोलण्यांतच कप्तानाचा लाभ राही. पहारेकरी वाढविल्यानें जें साधलें नसतें, तें या एका अटीनें साधलें. दुसऱ्या फ्रेडरिकनें १५७४ पासून तेथें क्रोनबोर्गचा भव्य किल्ला उभारिला. या नाक्यावरील १४९७ पासूनच्या जकातीच्या वह्या आजही जतन केलेल्या आहेत आणि त्यांत सुमारें १८ लाख प्रवासांची नोंद आहे. युरोपच्या व्यापाराचा इतिहास लिहिणाऱ्यांना त्या वह्या म्हणजे एक खाणच वाटते.

जकात एल्सिनोरला गोळा होई, पण तिचा पैसा राजधानीस येई. आणि तोही सरदारमंडळाच्या हातीं न पडतां थेट राजाच्या खाजगी खजिन्यांत. या धनाचा सर्वांत उदार आणि सर्वांत उधळा उपभोग चौथ्या क्रिश्चननें घेतला. १५८८ पासून १६४८ पर्यंत राज्य करणाऱ्या या राजानें कोपनहेगनला आजचें रूप दिलें असें म्हटलें तरी चालेल. खलाशांच्या कुटुंबांसाठीं त्यानें चाळींच्या रांगा बांधविल्या, समुद्र भरून क्रिश्चन्सहाउन ही नवी पेठ वसविली, आणि विद्यापीठाच्या ज्योतिष्यांसाठीं एक वर्तुळाकार मनोरा उभारिला. त्या मनोऱ्याच्या आंत पायऱ्यांऐवजीं वळसे घेत वर चढणारा रस्ताच आहे. १६१९ मध्यें त्यानें पाण्याच्या कांठीं व्यापाऱ्यांसाठीं एक बाजारवाडा बांधावयास घेतला. जहाजांतला माल जणूं दाराशींच उतरावा असा त्याचा बेत होता, आणि चार महासर्पांच्या शेपट्या एकमेकींत पिळून झालेला त्याचा कळस ही पुढें नगराची खूणच होऊन बसली.

या राजाचीं जहाजें हिंदुस्थानापर्यंतही आलीं. १६१६ सालीं कोपनहेगनमध्यें ईस्ट इंडिया कंपनी निघाली आणि १६२० मध्यें तंजावरच्या रघुनाथ नायकाशीं करार करून तिनें तरंगंबाडी येथें वखार घातली. पुढें तंजावरास व्यंकोजी भोसल्यांचें राज्य झालें, आणि तरंगंबाडीच्या डेन लोकांची वार्षिक खंडणी मराठी राजांकडे येऊं लागली. १७०६ सालीं डेन्मार्कच्या चौथ्या फ्रेडरिकनें तेथें धर्मोपदेशक पाठविले. त्याच मिशनमधून १७५० मध्यें आलेला श्वार्ट्झ हा जर्मन उपदेशक पुढें तरुण सरफोजीराजांचा गुरु आणि पाठीराखा झाला. सरफोजींच्या विद्याव्यासंगाचा एक धागा असा साउंडच्या कांठापर्यंत जाऊन पोंचतो.

दुसरा धागा याहूनही जवळचा आहे. १७५५ सालीं डेन लोकांनीं बंगालमध्यें हुगळीच्या कांठीं श्रीरामपूर येथें वसाहत केली. इंग्रज कंपनीस आपल्या मुलुखांत मिशनरी नको होते. म्हणून विल्यम केरी आणि त्याचे सहकारी डॅनिश निशाणाच्या आश्रयास श्रीरामपुरास राहिले आणि तेथें त्यांनीं छापखाना घातला. केरीनें पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्यानें मराठीचा अभ्यास केला. त्याचें मराठी व्याकरण १८०५ मध्यें आणि कोश १८१० मध्यें याच छापखान्यांतून बाहेर पडला. मराठी गद्य छापून निघूं लागलें तें अशा रीतीनें एका डॅनिश वसाहतींत. १८४५ सालीं या दोन्ही वसाहती डेन्मार्कनें इंग्रजांस साडेबारा लाख रुपयांस विकून टाकिल्या.

या व्यापाराची काळी बाजूही सांगितली पाहिजे. कोपनहेगनमधील कित्येक हवेल्या वेस्ट इंडीजमधील साखरेच्या पैशावर उभ्या राहिल्या, आणि ती साखर आफ्रिकेंतून धरून नेलेल्या गुलामांच्या श्रमाची होती. १७९२ च्या फर्मानानें डॅनिश प्रजेस हा गुलामांचा व्यापार १८०३ पासून बंद करण्यांत आला. परंतु त्या बेटांवरील गुलामगिरी १८४८ पर्यंत टिकली.

नाक्यावर बसलेल्यास वाटसरूंचें प्रेम मिळत नाहीं. चौथ्या क्रिश्चननें लढायांच्या खर्चासाठीं जकात वाढवीत नेली तेव्हां हॉलंडचे व्यापारी चिडले. आणि १६४५ मध्यें डच आरमार जकातीची एक कवडीही न भरतां साउंडमधून निघून गेलें. त्याच वर्षींच्या तहांत स्वीडननें डेन्मार्कचे कांहीं प्रांत तोडून घेतले. तेरा वर्षांनीं याहून मोठा घाला आला. १६५८ च्या कडक हिंवाळ्यांत बेटांमधील समुद्र गोठला आणि स्वीडनचा राजा दहावा चार्ल्स आपलें सैन्य बर्फावरून चालवीत झीलंडवर उतरला. डेन्मार्कला स्कोने प्रांत द्यावा लागला, म्हणजेच साउंडचा पूर्व किनारा कायमचा गेला. एवढ्यानेंही तृप्त न होतां तो राजा त्याच वर्षीं पुन्हां चालून आला व त्यानें राजधानीला वेढा दिला. त्या वेळीं कोपनहेगनचे कारागीर, विद्यार्थी आणि दुकानदार तटावर उभे राहिले. डच आरमार त्यांच्या मदतीस आलें. मात्र तें मैत्रीपेक्षां हिशेबानें आलें, कारण साउंडचे दोन्ही कांठ एकाच सत्तेच्या हातीं असणें डचांना पुन्हां नको होतें. १६५९ च्या फेब्रुवारींतील रात्रीचा शेवटचा हल्ला नागरिकांनीं परतविला आणि नगर वांचलें.

त्यानंतरच्या दीडशें वर्षांत संकटांची मालिका संपली नाहीं. १७११ च्या प्लेगांत नगरांतील सुमारें एक तृतीयांश माणसें दगावलीं. १७२८ च्या आगींत जुन्या नगराचा जवळजवळ अर्धा भाग आणि विद्यापीठाचें ग्रंथालय भस्मसात् झालें. १७९५ मध्यें पुन्हां आग लागली. त्या आगीनंतर नव्या घरांचे रस्त्यावरचे कोपरे तिरके कापण्याचा नियम झाला, कारण आग विझविणाऱ्यांच्या लांब शिड्या काटकोनी वळणावरून वळत नसत. ते कापलेले कोपरे आजही तेथील जुन्या चौकांत दिसतात.

परंतु आगीपेक्षांही भयंकर प्रसंग माणसांनीं आणिला. नेपोलियनच्या युद्धांत डेन्मार्क तटस्थ होतें. १८०१ मध्यें इंग्रज आरमारानें कोपनहेगनच्या बंदरासमोर डॅनिश आरमाराशीं घनघोर लढाई केली. आपल्या आंधळ्या डोळ्यास दुर्बीण लावून माघारीची खूण न पाहिल्याची नेल्सनची गोष्ट याच लढाईंतील आहे. १८०७ सालीं, उरलेलें डॅनिश आरमार नेपोलियनच्या हातीं पडेल या भीतीनें, इंग्रजांनीं युद्ध पुकारल्यावांचून पुन्हां सैन्य पाठविलें. त्या सैन्यांतील एका तुकडीचा सेनापति आर्थर वेलस्ली हा होता. चार वर्षांपूर्वीं असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेस हरविणारा हाच तो वेलस्ली. २९ ऑगस्ट रोजीं केगे गांवाजवळ त्याची गांठ पडली ती बहुतेक शेतकऱ्यांच्या घाईनें जमविलेल्या सैन्याशीं. त्यांनीं पायांतल्या लांकडी खडावा टाकून पळ काढिला, म्हणून डेन लोक त्या लढाईस 'खडावांची लढाई' म्हणतात. २ सप्टेंबरपासून तीन रात्री नगरावर तोफांचे गोळे व अग्निबाण पडत राहिले. ते अग्निबाण काँग्रीव्हचे. आणि काँग्रीव्हला त्यांची प्रेरणा मिळाली होती म्हैसूरच्या टिपूच्या बाणांपासून. मुख्य देवळाचा उंच मनोरा जळून कोसळला, शेंकडों नागरिक मेले, आणि नगर शरण आल्यावर इंग्रज तेथील सगळें आरमार ओढून घेऊन गेले.

पुढें १८१३ मध्यें राज्याचें दिवाळें वाजलें. १८१४ मध्यें, चारशें वर्षांहून अधिक काळ डेन्मार्कशीं जोडलेलें नॉर्वे गेलें. आरमार नाहीं, पैसा नाहीं, मुलूख निम्म्याहून कमी, अशा अवस्थेंत या राजधानीचा अस्त झाला असेंच कोणासही वाटलें असतें. नेमक्या याच काळाला डेन लोक आपलें सुवर्णयुग म्हणतात. १८१९ मध्यें एका चांभाराचा चौदा वर्षांचा मुलगा नशीब काढण्यासाठीं ओडेन्सेहून कोपनहेगनला आला. तो हॅन्स अँडरसन होय, ज्याच्या परीकथा आज जगभर मुलांना सांगितल्या जातात. १८२० मध्यें तेथील विद्यापीठांत अध्यापक ओर्स्टेड यास दिसून आलें कीं, विजेचा प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते. वीज आणि चुंबकत्व यांचा हा संबंध कळला नसता, तर तारायंत्र, डायनामो आणि आकाशवाणी यांतील कांहींही झालें नसतें. दिवाळ्याच्याच वर्षीं जन्मलेला किर्केगार्द याच नगरांत वाढून युरोपीय तत्त्वज्ञानास नवी दिशा देऊन गेला. जळालेलें देऊळ पुन्हां उभें राहिलें आणि त्यांत थोरवाल्डसेन या जगद्विख्यात शिल्पकाराच्या मूर्ति बसल्या. जागा तीच होती, तिचा लाभ मात्र ओसरत चालला होता. आणि तरीही नगर मोठें होत होतें.

तथापि साउंडची जकात अद्याप चालूच होती. वाफेच्या जहाजांच्या युगांत नांगर टाकून वाट पाहण्याची सक्ति व्यापाऱ्यांना असह्य होऊं लागली. १८५५ सालीं अमेरिकेनें कळविलें कीं, ही जकात आपण यापुढें मानणार नाहीं. समुद्राची वाट ही कोणा एका राजाची मिळकत नव्हे, असा तिचा दावा होता. अखेर १८५७ मध्यें कोपनहेगन येथें तह होऊन व्यापारी राष्ट्रांनीं एकरकमी मोबदला दिला आणि सव्वाचारशें वर्षांचें तें नाकें उठलें. योगायोग असा कीं, चौथ्या क्रिश्चननें बांधलेला तो बाजारवाडा राजानें त्याच वर्षीं नगरांतील व्यापाऱ्यांच्या संस्थेस विकला. जकात गेली, आणि बाजार व्यापाऱ्यांच्या स्वतःच्या मालकीचा झाला.

नगराचे तटही याच दशकांत पडूं लागले. जुन्या तटबंदींत माणसांची इतकी दाटी झाली होती कीं, १८५३ च्या उन्हाळ्यांत पटकीनें सुमारें ४,७०० बळी घेतले. तेव्हां कोट पाडून नगर बाहेर पसरूं द्यावें हें सर्वांस पटलें. आणि पूर्वींच्या खंदकांच्या जागीं तळीं व बागा झाल्या. पुढें जर्मनीचा कीलचा कालवा १८९५ मध्यें उघडणार, म्हणजे साउंडची वाट टाळूनही जहाजें जाऊं शकणार, हें दिसतांच कोपनहेगननें १८९४ मध्येंच आपलें खुलें बंदर सुरू केलें. तेथें माल उतरवून, साठवून पुन्हां बाहेर धाडण्यास जकात नव्हती. जो देश जकातीवर जगला, त्यानेंच जकात न घेण्याच्या जोरावर गिऱ्हाईक आणिलें!

कसबानें कमावण्याचा मार्ग आतां मोकळा झाला होता. १९१२ मध्यें कोपनहेगनच्या कारखान्यांत बांधलेलें 'सेलांडिया' हें डिझेल एंजिनाचें मोठें जहाज बँकॉकच्या सफरीस निघालें आणि वाफेच्या सत्तेस आव्हान मिळालें. कार्ल्सबर्ग मद्यशाळेच्या प्रयोगशाळेंत एमिल हॅन्सननें १८८३ सालीं शुद्ध किण्व वाढविण्याची रीत काढिली. ती गुप्त न ठेवतां मालक याकोबसेन यानें प्रतिस्पर्ध्यांसही खुली केली. १९२१ मध्यें नील्स बोर यांची संस्था उघडली आणि अणूचें रहस्य जाणूं इच्छिणारे तरुण शास्त्रज्ञ देशोदेशींहून तेथें येऊं लागले.

या माणसांची खरी परीक्षा १९४३ सालीं झाली. ९ एप्रिल १९४० रोजीं जर्मन सैन्यानें डेन्मार्क व्यापलें होतें. १९४३ च्या सप्टेंबरअखेर, सर्व ज्यूंना एका रात्रींत पकडण्याचा बेत झाला आहे ही बातमी डुकविट्झ या जर्मन अधिकाऱ्यानेंच फोडली. ती तोंडोतोंडीं पसरली. शेजाऱ्यांनीं घरें उघडलीं, डॉक्टरांनीं रुग्णालयांत माणसें लपविलीं, आणि कोळ्यांनीं रात्रीच्या अंधारांत आपल्या लहान होड्यांतून सात हजारांहून अधिक जीव साउंडपलीकडे स्वीडनमध्यें पोंचविले. सुमारें पावणेपांचशें माणसें मात्र पकडली जाऊन तेरेझिनच्या छावणींत गेलीं. ज्या पाण्यावर चार शतकें प्रत्येक गलबताची झडती झाली, त्याच पाण्यावरून हीं माणसें न पुसतां, न मोजतां पार झालीं. ४ मे १९४५ च्या सायंकाळीं लंडनच्या डॅनिश ध्वनिक्षेपणावर जर्मन शरणागतीची बातमी आली, तेव्हां लोकांनीं काळे पडदे काढून खिडक्याखिडक्यांत मेणबत्त्या लाविल्या.

१ जुलै २००० रोजीं साउंडवर पूल झाला. पूल, कृत्रिम बेट आणि समुद्राखालचा बोगदा मिळून सुमारें दहा मैलांची ही वाट कोपनहेगनला स्वीडनच्या माल्मो शहराशीं जोडते, आणि एके काळीं ज्या किनाऱ्यासाठीं रक्त सांडलें तेथून माणसें रोज कामावर ये-जा करतात. १६ एप्रिल २०२४ रोजीं बाजारवाड्यास आग लागली आणि महासर्पांचा तो कळस कोसळला. त्या सकाळीं वाड्यांतील नोकर, बंबवाले आणि रस्त्यानें जाणारे लोक खांद्याला खांदा लावून जुनीं तैलचित्रें बाहेर काढीत होते. वाडा पुन्हां उभारण्याचा निश्चय मालक संस्थेनें लगेच जाहीर केला. कळस यापूर्वींही त्या नगरांत पडले आहेत. ते परत कसे चढवावे हें तेथील लोकांस ठाऊक आहे.